भरीव

“आला. आता कचेरीला फेरी घालंल, मगच पायरी चढंल,” दारातला शिपाई आतल्याला म्हणाला.

“घालू दे की. सरकारी भिंतीला तेवढंच कुणीतरी विचारतंय.”

“आन् डाव्या अंगानंच जानार बघ. भिंत उजव्या हाताला पायजे त्येला.”

काकांचा घरी राहिलेला चष्मा घेऊन मी मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात उभी होते. खाकी कोट, आखूड धोतर, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, अशा वेषातला एक म्हातारा माणूस पायरीपाशी आला, थांबला, डावीकडे वळला आणि इमारतीच्या कडेकडेने चालू लागला. रेकॉर्डच्या खोलीमागून, कडुनिंबाखालून पूर्ण फिरून तो पलीकडून आला, तेव्हा दोन्ही शिपाई हसत होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. वहाणा काढल्या आणि वर चढला.

ते मिस्त्री. तालुक्यात गवंडीकाम करणारे आणखीही मिस्त्री होते, पण नुसतं ‘मिस्त्री’ म्हटलं की हेच. तरुणपणापासून म्हातारे होईपर्यंत ते लेण्यांच्या डागडुजीच्या खात्यात होते. गळती बुजवणं, तडे भरणं, मोडलेल्या खांबाला टेकू देणं, साहेब मापं घेत असेल तेव्हा ओळंबा धरणं. पेन्शनीत निघून ते कचेरीच्या गावापासून, पौडपासून, तीन मैलांवरच्या आपल्या वस्तीवर परत आले होते. गाव त्या जागेला अजून महारवाडाच म्हणत असे. तिथल्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि ते वस्ती म्हणत.

मिस्त्री कचेरीलाच नव्हे, कशालाही फेरी घालत. विहीर, वड, एसटीच्या थांब्याचा खांब. मान द्यावा असं जे जे ते उजवीकडे ठेवायचं. एकदा मी त्यांना रस्त्यात बसलेल्या म्हशीला वळसा घालून येताना पाहिलं. उजवीकडून चार पावलांत येता आलं असतं. ते तिला उजव्या हाताला ठेवत पार मागून फिरून आले, चिखलातून.

“म्हशीला कशाला?” मी विचारलं.

“बसल्याली हुती,” ते म्हणाले. “बसल्यालं कोन बी आसंल, त्येला वळसा घालावा.”

हे सगळं झालं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. काका त्या तालुक्याचे मामलेदार. मी पुण्यात मुलींच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी विषमज्वर झाला आणि हवापालटासाठी मला काका-काकूंकडे पाठवलं. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण माझं लिहिणं-वाचणं सगळं इंग्रजीत. मराठीचा शाळेत आठवड्याला एक तास असे आणि त्यात आम्ही कठीण शब्दांचे अर्थ लिहीत असू. चार माणसांत बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवावं लागे. ते जुळेपर्यंत माणसं दुसऱ्या विषयावर गेलेली असत. त्याची मला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर सोयही.

मिस्त्रींच्या पिशवीत एक इंग्रजी पुस्तक होतं. पुठ्ठा गेलेला, कडा उंदरांनी खाल्लेल्या. लेण्यांवरचा आणि स्तूपांवरचा जुना अहवाल होता तो; नोकरी संपवून विलायतेला जाताना त्यांच्या साहेबाने दिलेला. ते घेऊन ते काकांकडे आले होते.

“साहेब, ह्यातली चित्रं मला वाचता येत्यात. अक्षर न्हाई. कुनी वाचून दावंल का?”

काकांना गंमत वाटली. त्यांनी मला हाक मारली. “ही आमची मडम. दिवसभर खिडकीत बसून असते. हिला लावा कामाला.”

अशा रीतीने दुपारी चार वाजता, आमच्या सरकारी घराच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आमचं वाचन सुरू झालं. मी खुर्चीवर. ते खाली तिसऱ्या पायरीवर. वर या, असं काकांनी एकदा म्हटलं, ते म्हणाले, “हितनं उजेड बरा हाय.” काकूने चहा पाठवला तेव्हा त्यांनी पिशवीतून स्वतःचा काचेचा पेला काढला, त्यात ओतून घेतला, प्यायले, अंगणातल्या नळावर पेला धुतला आणि फडक्यात गुंडाळून परत ठेवला. कोणत्या कपात द्यायचा, हा विचार काकूला करावा लागू नये म्हणून. काकूच्या चेहऱ्यावर आलेला सुटकेचा भाव मी पाहिला. त्यांनीही पाहिला असावा. कप पुढे करणं माझ्या हातात होतं, आणि मी तो पुढे केला नाही.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. अहवालात स्तूपाच्या गोल भागासाठी जो इंग्रजी शब्द होता, त्याचं मी ‘घुमट’ केलं.

“घुमट न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

“शब्दकोशात तसंच आहे.”

“आसंल. घुमट पोकळ आसतो, ताई. आत शिरायचं, वर बघायचं, आवाज दिला तर घुमतो. ह्यात शिरायला जागाच न्हाई. हे भरीव. दगड, माती, इटा, ठासून भरल्यालं. आत जाऊन बघू म्हनलं तर जाता येत न्हाई. भायेरनं फिरायचं, बास.”

“मग काय म्हणायचं?”

“अंड.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. “अंडंच की. बंद आसतंय. आत काय हाय ते त्याचं त्येला ठाव. खालचा कट्टा ती मेधी. त्येच्यावर अंड. अंडावर चौकोनी कुंपन, ती हर्मिका. कुंपनात मधोमध काठी, ती यष्टी. काठीवर छत्र्या. लिवा.”

मी लिहून घेतलं. पुढे माझ्या लक्षात आलं की त्या पुस्तकातला मजकूर त्यांना बहुतेक सगळा ठाऊकच होता. साहेबाने काय लिहिलंय ते त्यांना तपासायचं होतं. मी वाचत असे, आपल्या तोडक्या मराठीत सांगत असे, आणि ते मान हलवत किंवा म्हणत, “हितं चुकला त्यो. उन्हात बसून माप घेतल्यालं.”

छत्र्यांबद्दल साहेबाने पानभर लिहिलं होतं. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लांबड लावलीय. छत्री राजाला धरत्यात. बुद्धानं तर गादी सोडली. सोडली म्हनून धरली, येवढंच हाय त्ये.”

त्यांच्या बोलण्यात असं काही अचानक येई आणि मी वहीवर पेन्सिल धरून तशीच राही.

वाचनाच्या दिवशी दुपारचं जेवण ते कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली जेवत. शिदोरीतला भात ॲल्युमिनियमच्या झाकणावर काढत आणि खायच्या आधी त्याचा स्तूप करत. आधी बोटांनी दाबून चपटा कट्टा, त्यावर गोल, वर कांद्याची चौकोनी फोड आणि फोडीत उभी मिरची. कारकून डबे घेऊन बघायला येत.

“काय मिस्त्री, आज कुठलं लेणं?”

“आज साधंच हाय. छत्री मोडली.”

“मग जेवायचं कसं? देव मोडतो ना.”

“द्येव कुटं हाय त्यात? भात हाय,” असं म्हणून ते कडेकडेने खायला लागत. मधला भाग शेवटी. त्यांच्या खाण्यात चेष्टेला जागा नव्हती, त्यामुळे चेष्टा करणारेही थोड्या वेळाने आपापला डबा उघडून गप्प बसत.

काकांच्या व्हरांड्याच्या खांबाला त्यांनी एकदा ओळंबा लावला आणि सांगितलं की खांब अंगणाकडे एक बोट कललाय.

“पडेल का?” काकूने घाबरून विचारलं.

“न्हाई बाईसाहेब. नुसता वाकलाय. सरकारी हाय ना.”

काका त्या दिवशी मनापासून हसले. मी हे मुद्दाम सांगते, कारण काका वाईट माणूस नव्हते. ते नियमाने चालत, आणि त्यांच्या हातात जो कागद येई त्यावर जे लिहिलेलं असे त्याला ते बांधलेले असत.

शिवरात्रीला काकूला एका डोंगरातल्या लेण्यात दर्शनाला जायचं होतं. वाट मिस्त्रींना माहीत, म्हणून ते बरोबर आले. लेणं लहान, आत एकच दालन आणि शेवटी खडकातून कोरलेला एक स्तूप. लोक त्याला महादेवाची पिंड समजत. वर बेल, भस्म, ओघळलेलं दूध. काकूने नमस्कार केला, अर्धी फेरी घातली आणि महादेवाला करतात तशी परत फिरली. पिंडीचं पाणी वाहून जातं ती पन्हळ ओलांडायची नाही म्हणून. मीही तिच्या मागून तसंच केलं.

पूजेला बसलेली गुरवीण मिस्त्रींना म्हणाली, “तुमी भायेरच थांबा.”

“ह्या कोपऱ्यातली गळती मी बुजवली, बाई,” ते वर बोट न करता नुसत्या हनुवटीने दाखवत म्हणाले. “चार पावसाळं हितं काढलं. तवा कुनी भायेर थांब म्हनलं न्हाई.”

तिने वाट सोडली. ते आत आले आणि स्तूपाला फेरी घालू लागले. अर्ध्यावर ती पुन्हा म्हणाली, “माघारी फिरा. वलांडू नगा. पन्हळ वलांडत न्हाईत.”

“पन्हळ कुटं हाय दाव. मग फिरतो.”

तिने पाहिलं. काकूने पाहिलं. मीही वाकून पाहिलं. पन्हळ नव्हतीच. नुसता गोल कट्टा, सगळीकडे सारखा. इतकी वर्षं इतकी माणसं जे नव्हतं त्यापाशी येऊन परत फिरत होती. मिस्त्रींनी फेरी पूर्ण केली, नमस्कार केला आणि बाहेर जाऊन उन्हात बसले. उतरताना काकू म्हणाली, “आपण आपलं अर्धीच घालावी गं.” मी हो म्हटलं. मला पूर्ण घालायची होती.

वाचता वाचता मोठ्या स्तूपांच्या दारांचं प्रकरण आलं. भोवतीच्या दगडी कठड्याला चार दिशांना चार दारं, पण कुठलंच सरळ नाही. आत शिरलं की लगेच आडवा कठडा समोर येतो आणि वळावं लागतं. मी विचारलं, असं का?

“सरळ घुसता येऊ ने म्हनून. वळलं की मानूस डाव्या अंगाला जातो. डाव्या अंगाला गेला की स्तूप उजव्या हाताला आला. त्येला कुनी सांगावं लागत न्हाई, दारच सांगतंय.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुमचं दार बी वळनाचं हाय, ताई. वाईट न्हाई त्ये.”

माझ्याबद्दल इतकं थेट तोवर कोणी बोललं नव्हतं. मी पान उलटलं.

त्याच सुमारास वस्तीवर त्यांचा स्वतःचा स्तूप उभा राहू लागला होता. फार मोठा नाही. पायाशी बारा फूट, उंची दोन पुरुष होईल असा. दगड शेतातले, माती नदीची. वस्तीतली माणसं कामावरून आली की दोन तास खपत. जागा वस्तीला लागून पडून असलेली सरकारी पट्टी. परवानगीचा अर्ज द्यायचा होता, पण मिस्त्री थांबायला तयार नव्हते. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. ते वयाबद्दल बोलत नसत, फक्त म्हणत, “पावसाच्या आत अंड मिटलं पायजे.”

‘यष्टी’वरचा परिच्छेद मी वाचला तो दिवस मला नीट आठवतो. साहेबाने लिहिलं होतं की ही काठी म्हणजे जगाचा कणा. ती वर दिसते तेवढीच नसते, जुन्या स्तूपांत ती पार गाभ्यातून उभी असते. मी काठी म्हटलं आणि मिस्त्री अंगणाकडे वळले. तिकडे बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

“माजा बा येसकर हुता. गावाचं काम. सांजच्याला दारोदार फिरून भाकर मागायची. हातात काठी, काठीला घुंगरं. घुंगरं वाजली की मान्सं सावध व्हायची, म्हंजी सावली पडायला नगं. भाकर वरनं टाकायची. ती काठी माज्याकडं हाय.”

मी पुस्तक मिटलं.

“दीक्षा झाली तवा पोरांनी काठ्या जाळल्या. बराबर क्येलं. म्या माजी न्हाई दिली. हरवली म्हनलं. खोटं बोललो.”

“मग आता?”

“मधी उभी क्येलीया.”

मला कळायला वेळ लागला. स्तूपाच्या मधोमध, जिथून दोरी लावून वर्तुळ आखायचं, त्या जागी त्यांनी ती काठी रोवली होती, गोणपाटात गुंडाळून. वस्तीतल्या लोकांना वाटलं, मिस्त्रींनी मापाची खुंटी रोवलीय. ‘सेंटरला कुनी हात लावायचा न्हाई,’ असं त्यांनी बजावलं होतं आणि तिच्याभोवती दगड-माती चढत गेली होती.

“घुंगरं काढली का?” मी विचारलं.

“न्हाई. घुंगरासकट हाय. आत वाजायला जागा कुटं हाय?”

मग ते माझ्याकडे वळले. “ही जाळायची चीज न्हाई, ताई. पुरायची बी न्हाई. बा आयुष्यभर ती घिऊन दुसऱ्याच्या दारात हुबा ऱ्हायला. आता ती हुबी ऱ्हानार आन् लोक तिच्याभवती फिरनार. पन पोरांना कळलं तर सोसायचं न्हाई त्यांना. म्हनतील, आमी जी टाकली तीच म्हाताऱ्यानं आत घातली. कुनाला बोलू नगा.”

मी मान हलवली. मला न बोलणं जमत असे.

अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचं त्यांनीच सुचवलं. कचेरीबाहेर बसणारा अर्ज लिहिणारा आपल्याच मनाचं काहीबाही घालतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, वाचून दाखवलं. वस्तीला लागून असलेल्या पट्टीवर स्तूप बांधण्याची परवानगी मिळावी. त्यात मेधीचं माप, अंडाचं माप, हर्मिकेचं माप. ते समाधानाने ऐकत होते. “रातच्याला स्वच्छ अक्षरात उतरवा, सकाळी सही करतो,” म्हणाले. सही ते इंग्रजीत करत, नकाशावर करत तशी, सुटी सुटी मोठी अक्षरं.

उतरवताना मला वाटलं, कचेरीतल्या लोकांना स्तूप म्हणजे काय ते कसं कळणार? शाळेत आम्हाला कठीण शब्दापुढे कंसात अर्थ द्यायला शिकवलं होतं. मी शब्दकोश काढला. स्तूप त्यात नव्हता. साहेबाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं की स्तूप हा मुळात मृताच्या अवशेषांवर रचलेला ढिगारा. त्या ढिगाऱ्यासाठी साहेबाने वापरलेल्या इंग्रजी शब्दापुढे कोशात मराठी अर्थ होता. मी तो स्वच्छ अक्षरात कंसात घातला: स्तूप (थडगे). आणि तीन ठिकाणी स्तूप आला होता म्हणून तीनही ठिकाणी घातला. काम नीट झालं असं मला वाटलं. सकाळी मिस्त्रींनी कागद लांब धरून पाहिला. छापील मराठी अक्षर त्यांना जुळवून वाचता येई, हाताचं येत नसे. काल ऐकलेलंच आहे म्हणून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी जेवताना काका काकूला म्हणाले, “तुझ्या त्या मिस्त्रीने घोळ घातलाय. गावाच्या वेशीजवळ थडगं बांधतोय. स्वतःच लिहून दिलंय. गावातल्या चौघांचा तक्रारअर्ज आलाय आणि तो बरोबर आहे. वस्तीला लागून दफन करता येत नाही.”

बोलायचं वाक्य मी जुळवू लागले. अर्ज मी लिहिला हे काकांना ठाऊक नव्हतं. माझं मराठी अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्याच घरात बसून, त्यांच्याच कचेरीत द्यायचा कागद मी त्यांना न विचारता लिहिला होता. वाक्य जुळेना. काकू म्हणाली, “कोण पुरलंय तिथं?” काका म्हणाले, “तेच बघायला जायचंय गुरुवारी.”

मिस्त्री मधल्या दिवसांत आलेच नाहीत. वस्तीवर काम घाईत होतं. मी निरोप पाठवू शकले असते. कोणाबरोबर पाठवायचा, काय म्हणायचं, ह्यात तीन दिवस गेले.

गुरुवारी काकांना पुढे पुण्याला जायचं होतं आणि मला डॉक्टरांकडे, म्हणून मी जीपमध्ये होते. वाटेत वस्तीवर उतरलो. त्या स्तूपाला आता दर वैशाखात चुना देतात आणि भरे गावाकडे जाणाऱ्या एसटीतून तो पांढरा दिसतो. त्या दिवशी तो मातीच्या रंगाचा होता, ओला, वरून नुकताच मिटलेला. हर्मिका अजून व्हायची होती. भोवती दगडांचा गुडघाभर कठडा होता आणि त्याला एकच दार, वळणाचं. काका घाईने आत शिरले आणि त्यांनाही डावीकडे वळावं लागलं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

एका बाजूला तक्रार करणारे चौघे, दुसऱ्या बाजूला वस्तीतली सगळी माणसं, बाया पोरं कडेवर घेऊन. कारकुनाच्या हातात फाईल. दोन माणसं टिकाव घेऊन.

“साहेब, त्यांच्या धर्माबद्दल आमचं काय म्हननं न्हाई,” चौघांतला एक म्हणाला. “पन गावाच्या तोंडाला थडगं नगं. बाया सांजच्या पान्याला ह्या वाटंनं जात्यात.”

“मिस्त्री, आत काय पुरलंय?” काकांनी विचारलं.

“पुरल्यालं काय बी न्हाई, साहेब.”

“मग आत काय आहे?”

“भरीव हाय.”

“भरीव म्हणजे? आत काहीच नाही असं लिहून द्या. मी ते लावतो फाईलला आणि जातो.”

काहीच नाही, असं लिहून देणं मिस्त्रींना जमणार नव्हतं. एकदा ते खोटं बोलले होते आणि तेवढं पुरे होतं. वस्तीतला एक तरुण पुढे आला. तो प्राथमिक शाळेत मास्तर होता. काठ्या जाळल्या त्या दिवशी पहिली काठी त्याने आगीत टाकली होती, असं मिस्त्रींनीच मला सांगितलं होतं.

“आबा, द्या ना लिहून,” तो म्हणाला. “आत दगडमातीच आहे. आम्हीच तर भरली. भ्यायचं कशाला?”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले.

“नाहीतर खोदू द्या,” तो तरुण काकांकडे वळून म्हणाला. “होऊ द्या खात्री. आम्ही परत बांधू.”

काकांनी फाईल मागून घेतली. “हे बघा. इथं एकदा नाही, तीनदा लिहिलंय. थडगे. खाली तुमची सही. मी काय करू? हा शब्द तुम्ही का लिहिलात?”

मी जीपपासून कठड्यापर्यंत आले होते. मिस्त्रींनी शब्द ऐकला. त्यांना तो त्या क्षणी पहिल्यांदा कळला, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. तो कुठून आला असेल हेही त्यांना कळलं. त्यांनी माझ्या दिशेला डोळे फिरवले नाहीत. मला वाचवायचं म्हणून ते मुद्दाम दुसरीकडे, त्या ओल्या मातीकडे बघत होते.

“चुकलं आसंल माजं,” ते म्हणाले. “म्हातारपन हाय.”

काकांनी सुस्कारा टाकला आणि टिकाववाल्यांना खूण केली. त्यांतला एक कठडा ओलांडून आत आला. मिस्त्री हळूच बाजूला सरकले आणि त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला, ओळंब्याची दोरी चाचपत.

माझ्या मनात वाक्य जुळलेलं नव्हतं. मी दारातून आत गेले. वळणावर डावीकडे वळावं लागलं, आणि पुढे गेले ती काका आणि टिकाववाला यांच्या मधे जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. काका म्हणाले, “तू कशाला उतरलीस? जा, गाडीत बस.”

“काका, तो शब्द माझा आहे,” मी म्हणाले. “अर्ज मी लिहिला. यांनी थडगं सांगितलं नव्हतं. मला दुसरा शब्द येत नव्हता.”